सीटमध्ये अडकलेली सोयरीक

आमच्या प्रशांतनं कारमध्ये रेसिंगच्या सीटा बसवल्या. रस्ता गोंडपिपरीचा, पुढे बैलगाडी, आणि म्हणे रेस! त्याच कारनं त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो. मुलीचे वडील पाय धुवायला पाणी घेऊन अंगणात उभे, आणि मी त्या खोल सीटमध्ये रुतलेलो. उठताच येईना.

त्यांचा चेहरा उतरला. "काऊन उतरून नाई राह्यले, भाऊ? आमचं काही चुकलं का?"

वाटलं, सोयरीक मोडली.

"फसलो ना भाऊ, सीटमंदी!"

आतून मुलगीच धावत आली. तिनं माझा एक हात ओढला, प्रशांतनं दुसरा. मी सुटलो, तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहून हसत होते.

लग्न ठरलं. त्या सीटांना मी आता नावं ठेवत नाही. बसतही नाही.