विशेषणांना बंदी असलेली वही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे सन्माननीय शिक्षण संचालक, संघटनेचे विश्वस्त, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या बाई, आणि देशभरातून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. शिक्षकाच्या हाती माईक देऊन दहा मिनिटांत तो परत मिळेल असं मानणाऱ्या संयोजकांचं मला कौतुक वाटतं.

बाई आज चिटणीसपद सोडताहेत. तीस वर्षांपूर्वी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ही संघटना सुरू झाली, तेव्हा आम्ही मोजून सात जण होतो. नावात मात्र ‘राष्ट्रीय’! मी म्हटलं, “बाई, लोक हसतील हो.” खालून मशीनचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, “मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात ना? तसंच नाव शिवलंय.” आज एकेचाळीस प्रशिक्षण केंद्रं आहेत. संचालकसाहेब, रागावू नका, पण आपल्या खात्याने पहिली अकरा वर्षं बाईंच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बाराव्या वर्षी आपण स्वतःच प्रशिक्षणाला येऊन बसलात, हा आपला मोठेपणा!

पण बाईंचं खरं काम काय, असं कुणी विचारलं तर मी केंद्रं दाखवणार नाही, निरीक्षणाची वही दाखवीन. मूल काय करतं तेवढंच तीत लिहायचं. हुशार, मठ्ठ, द्वाड, गुणी, असलं एकही विशेषण दिसलं की बाई पान परत करत. आपल्यापैकी कितीजणांची पानं परत आली आहेत? हात वर करा. बघा, अध्यक्षांचाही हात वर आहे!

माझं तर पहिलंच पान परत आलं. मी तेव्हा दुसरीला शिकवत होतो. लिहिलं होतं, ‘मुलगी ढ आहे, हट्टी आहे.’

बाईंनी विचारलं, “ढ आहे म्हणजे काय करते?”

“काहीच करत नाही.”

“तासभर काहीही न करणारं मूल मला बघायचंच आहे. उद्या वर्ग मी घेते. तुम्ही मागे बसा नि लिहा.”

ती मुलगी माझीच होती. गुरुजी पक्षपात करतात असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला इतरांपेक्षा दुप्पट धारेवर धरत असे. तिला पुन्हा दुसरीतच बसवावं, असा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापकांना द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो आणि लिहीत गेलो. ‘हात वर केला. उत्तर दिलं. चुकलं. हसली. पुन्हा हात वर केला.’ मला वाटलं, बाई गोड बोलतात म्हणून असेल. मधल्या सुट्टीनंतर मी शिकवलं आणि बाई मागे बसल्या. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. ‘गुरुजी तिच्याकडे वळले. तिने हात बाकाखाली घेतला. गुरुजी वळले. तिने हात बाकाखाली घेतला.’ असं नऊ वेळा.

बाईंनी मला ‘कठोर’ म्हटलं असतं, तर मी कडाकडा भांडलो असतो. पण त्या पानावर भांडायला एक शब्द नव्हता. मी अर्ज फाडला. बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला आणि पुढचा तास पुन्हा स्वतः घेतला. अशा या बाई आहेत. त्यांच्यामुळे किती घरांतल्या किती मुलांचे हात वर आले असतील, याचा मला हिशोबच लागत नाही.

माझी मुलगी आज आपल्याच केंद्रात शिक्षकांना शिकवते. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या पानाविषयी मी तिच्याशी आजवर बोललेलो नाही. आधी ती लहान होती म्हणून, आणि नंतर मी बाप होतो म्हणून.

बाई, आपले मनापासून आभार. संयोजकांचे, आणि माझं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने ते मोठ्या मनाने पोटात घालावं.

बाळा, तू मात्र घालू नकोस. तू फार वर्षं पोटात ठेवलंस. माझं चुकलं. घरी चल, आणि तुला काय बोलायचं ते मला बोल. मी ऐकेन.