चार पानी संमती

मी सरांसमोर तोंड उघडायला कुठे शिकले, विचारता ना? निंबोला गावात! कायद्यात पीएचडी करत होते. विषय असा, की मोबाईलवरचं एआय आपली माहिती मागतं, तेव्हा लोक न वाचता ‘मान्य’ का दाबतात. माझे गाईड असलेले सर आणि मी मुलाखतीसाठी केळीच्या बागेत काम करणाऱ्या इंदूमावशींकडे गेलो. सरांनी चार पानी संमतीफॉर्म पुढे केला.

“मावशी, इथे अंगठा लावा. बस, फॉर्मॅलिटी आहे.”

“सही येते मला. पहिले वाचू द्या.”

केळीच्या चिकाने काळं पडलेलं बोट ओळीओळीवर फिरवत मावशींनी सगळं वाचलं. सर घड्याळ बघत बसले. शेवटच्या पानावर मावशी थांबल्या.

“इथे लिहिलंय, ‘हे सर्व मी यांना वाचून समजावलं आहे.’ खाली सही कोणाची?”

सरांची. सकाळीच अख्ख्या गठ्ठ्यावर ठोकून ठेवलेली.

“साहेब, कधी समजावलं?”

“अहो मावशी, सगळे असंच करतात.”

मावशींनी फॉर्म माझ्या हातात दिला. “घे बेटा, तुझं उत्तर मिळालं. लिही.”

सर म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

“थांबा, सर,” म्हणत मी तिथेच बांधावर बसले, वही उघडली आणि न वाचता सही ठोकणाऱ्यांत पहिलं नाव सरांचं लिहिलं.