आधी कार्ड, मग पाणी

सोनोग्राफी सेंटरमध्ये माझ्या शेजारी एक सासूबाई बसल्या होत्या. त्यांची सून काउंटरवरून जवळजवळ धावतच आली.

"आई, चाललं! सरकारी विम्याचं कार्ड घेतलं त्यांनी!"

"उगाच काहीतरी. नीट विचारलंस का?"

"डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, इथे चालतं. तुम्ही पाणी प्यायलात ना?"

"नाही."

"अहो, सकाळीच बाटली भरून दिली होती! लघवी तुंबल्याशिवाय पोटातलं दिसत नाही त्यांना."

"ते आता मला पाठ झालंय. जाईन तिथे पोट तट्ट करून गेले, आणि कार्ड बघून सगळ्यांनी तशीच परत पाठवली. रिक्षात काय हाल झाले ते माझं मला माहीत. म्हणून ठरवलं, आधी कार्ड घेऊ देत, मग पाणी."

"आणि खरंच गाठ असली म्हणजे? इथे माझ्या जिवाला घोर लागलाय! प्या आधी."

"तूही पी. एकटीला घशाखाली उतरत नाही."

"मला कशाला? बरं, आणा इकडे."

दोघींनी बाटली संपवली, भरून आणली, पुन्हा संपवली. बऱ्याच वेळाने सासूबाईंना आत बोलावलं. सून झाकण उघडत-लावत बसली. दार उघडलं.

"काय म्हणाल्या?"

"गाठबीठ काही नाही. सगळं ठणठणीत आहे."

"खरंच? आई, पुन्हा सांगा ना!"

"शंभरदा सांगेन. आधी वाटेतून सरक, मला बाथरूमला जाऊ दे."

"थांबा, आधी मी!"