गल्लीत अडकलेला प्रचार

प्रचाराची रिक्षा चालवायला पुन्हा सांगू नका रे मला! कामशेतच्या बाजारात, अरुंद गल्लीत, विरोधी उमेदवाराची रिक्षा समोर आली. मागं कोण घेणार? आमच्या रिक्षातला पक्या थेट माइकवरच ओरडला, "तुमच्या सायबानं वाडीचा रस्ता खाल्ला!"

समोरूनही माइकवरच उत्तर आलं, "आन् ठेका कुणाचा व्हता? तुमच्याच सायबाच्या मेव्हण्याचा!"

सगळा बाजार कान टवकारून ऐकायला लागला. पक्या आणि समोरचा माइकवाला, दोघंही खाली उतरले. एका हातात माइक, दुसऱ्या हातात समोरच्याची कॉलर. गर्दी जवळ सरकायला लागली, तसा मी घाबरून माइक बंद करायला गेलो. तेवढ्यात बाजाराला आलेल्या एका आबांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे चालू. आत्ता कुटं परचार सुरू झालाय."