पावसाळ्यातला मांडव

सुनिल : उमेशच्या नव्या टेंपोवर नाव बघितलंस? ‘उमेश मंडप, तलासरी’. आणि नारळ फोडायला मलाच बोलावतोय.

शितल : लहानपणापासूनचा दोस्त आहेस. तुला नाही तर कुणाला बोलावणार?

सुनिल : जळवायला बोलावतोय. या पाड्यात मांडवाचा धंदा आधी कुणी चालू केला? मी. हा माझे बांबू उचलायला यायचा. आता बँक त्याला लोन देते, मला हाकलून देते.

शितल : हाकललं नाही. साहेबांनी विचारलं, पावसाळ्यात काय करणार? तू काय बोललास?

सुनिल : खुर्च्या घरात ठेवणार बोललो. खोटं काय त्यात? पावसात लग्न कोण लावतं?

शितल : म्हणूनच ते म्हणाले, धंदा कसा करणार ते लिहून आणा.

सुनिल : लिहून धंदा होतो काय? छातीत दम असावा लागतो. आणि उमेश काय लिहिणार? सही करताना घाम फुटतो त्याला. डहाणूच्या कुठल्या तरी एजंटने लिहून दिलं असणार.

शितल : एजंटने नाही. मी दिलं.

(सुनिल पुढ्यातलं ताट बाजूला सारतो.)

सुनिल : बायको माझी आणि प्लॅन त्याचा?

शितल : त्याची बायको दक्षा त्याला घेऊन आली होती. बचत गटात मी असली कामं करते, ठाऊक आहे तिला. दोघं समोर बसली. मी विचारत गेले, ती सांगत गेली.

सुनिल : असं काय मोठं विचारलंस?

शितल : तुझ्यासारखा उमेशलाही डीजेच घ्यायचा होता. मी म्हटलं, इथे डीजे कुणाकुणाकडे आहे, नावं सांग. सांगता सांगता त्याचंच तोंड उतरलं. मग दक्षा बोलली, पावसात घरात मयत झालं की माणसं भिजत उभी राहतात. दिवसकार्याला पाहुण्यांना कोरडी जागा नसते. त्यातून पत्र्याचा मांडव निघाला. मग नवरात्रीत गरब्याची मैदानं. टेंपो सगळ्यात शेवटी आला.

सुनिल : हे मला सांगायला काय झालं होतं?

शितल : तुझ्याजवळही कागद घेऊन बसले होते. ‘तू भाकऱ्या थाप’ बोललास. आणि दुसऱ्या दिवशी स्पीकर घेऊन आलास, कारण काय, तर शेजारच्या पाड्यातल्या मनिषकडे तसेच होते.

सुनिल : चिमणच्या लग्नात अख्खा पाडा नाचला त्यावर!

शितल : नाचला. त्यानंतर कुणी मागितले?

सुनिल : उद्या मी नाही जाणार नारळ फोडायला.

शितल : नको जाऊस. मी जाईन.

सुनिल : जा. पत्रा उडेल त्याचा, बघच तू. झाईला समुद्रावरून वारा सुटला की तुझा कागद काय धरून ठेवणार आहे?

शितल : वाऱ्याचं नाही विचारलं मी. सुचलंच नाही.

सुनिल : कसं सुचेल? तिथे वाळूत खांब नुसता रोवून चालत नाही. खाली आडवं लाकूड पुरावं लागतं. वाऱ्याच्या वाटेतल्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडायच्या, नाहीतर मांडव शिडासारखा फुगतो.

शितल : मग झाईला पावसात तू मांडव टाकशील?

सुनिल : टाकेन की. कोळ्यांच्या घरी मयत होत नाही काय?

शितल : थांब, लिहून घेते. पुढे सांग.

सुनिल : सांगतो. पण हे दक्षाला दाखवायचं नाही.