गळती कुणाच्या हद्दीत

माझा जन्म मिरजेचा, वडील रेल्वेत पॉइंट्समन, आणि संशय आमच्या रक्तातच म्हणा ना, रुळाचा सांधा नीट बसला असं कुणी सांगितलं तरी ते स्वतः जाऊन हात लावून बघायचे. मला सिंगापूरला येऊन वीस वर्षं झाली, आता पीआर आहे, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, यिशुनला फ्लॅट, नोकरी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर सुपरवायझरची. स्टेशनचं नाव नको. काय सांगू तुम्हाला, एकाच छपराखाली दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, वरची आमची, खालची त्यांची, आणि मधला जोडरस्ता धड ना आमचा ना त्यांचा. त्यांची माणसं दिसली की आम्ही बोलणं थांबवायचो, आम्ही दिसलो की ती.

त्या रस्त्यात एक चिनी म्हातारा रोज सकाळी यायचा, खांबाला टेकायचा, वर बघायचा, खाली बघायचा, वहीत लिहायचा. मला वाटलं, हा खालच्या कंपनीचा, आमच्या चुका टिपतोय. मग काय, तो आला की मी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर, तो हलला की मी मागं. घरी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, जस्ट अंकल लाह, लीव्ह हिम. पण मला चैन पडेना.

शेवटी विचारलंच, अंकल, कुणासाठी लिहिता? तर तो उलट मलाच, तू कुणासाठी बघतोस? आणि वही उघडून धरली. छतातून पाणी कधी गळतं, किती गळतं, रोजचं लिहिलेलं. तिथंच त्याची बायको घसरली होती, खुबा मोडून घरात पडून होती. वरचे म्हणाले खालच्यांचं पाणी, खालचे म्हणाले वरच्यांचं. मग त्यानं वहीतून आमचं पत्र काढलं, गळती आमच्या हद्दीत नाही, आणि सहीखालच्या नावावर बोट ठेवलं, तेच बोट माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्यावर. ते पत्र मी लिहिलं होतं हो. न बघता. खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो.

त्याच दिवशी शिडी मागवली, छताचा पत्रा उतरवला, पाइप आमचाच. साहेब म्हणाले, बंद झालेलं प्रकरण कशाला उकरतोस? मी म्हटलं, मग उघडा. पहिलं पत्र चुकीचं, न बघता दिलेलं, असं लिहून सही केली आणि एक प्रत अंकलना दिली.

पाइप बदलला, कंपनीनं अंकलच्या बायकोच्या दवाखान्याचा खर्च दिला, आणि माझी बदली वुडलँड्सच्या स्टेशनवर केली, कारण कुणी सांगितलं नाही. अंकलच्या घरी गेलो तर दार अर्धंच उघडलं, कंपनीनं पाठवलं का म्हणाले. आतून त्यांच्या बाई वॉकर टेकत आल्या, म्हणाल्या, त्याचं सोड, आत ये, पण चप्पल बाहेर काढ. तेव्हापासून अधूनमधून जातो. अंकल अजून तिरकंच बघतात, बघू देत, त्यांच्या जागी मी तरी कुठं विश्वास ठेवला असता. त्या माउलीचे पाय चालते राहोत, बाकी काही मागणं नाही.