अबाजीच्या हातची तांबडी

…आणि वर म्हणतात, मनाला लावून घेऊ नका! अहो, माणसाला सांगायचं की तुझा हात लागला तर वाइन बाटेल, मग त्यानं मनाला लावायचं नाही तर काय अंगाला लावायचं? तुम्हाला सांगतो, आमचा अबाजी, म्हणजे माझा मेहुणा, इथं यहुद्यांच्या देशात आल्यापासनं लोदला राहतो, तिथनं बसनं अर्ध्या तासावर द्राक्षमळे, आणि मळ्यांच्या मधोमध वाइनचा कारखाना. या टाकीतली वाइन त्या टाकीत सोडायची, ढवळायची, हे अबाजीचं दोन वर्षांचं काम. साहेबलोकांची वाइन नव्हे हो, रोजची तांबडी! कारिन्यान नावाची द्राक्षं ढीगभर, आणि रंगापुरती अलिकांत, आपण सारात कोकम टाकतो तशी. पण शुक्रवारी दिवे लागले की घरोघरी शब्बाथची प्रार्थना हिच्याच पेल्यावर.

तर त्रेसष्टच्या हंगामात कारखान्यात नवा देखरेख्या आला, बेझालेल. वाइनला यहुद्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही, हे बघणं त्याचं काम. अबाजीला विचारलं, कुठले? अबाजी म्हणाला, होदू. म्हणजे हिंदुस्थान हो. झालं! बेझालेल हलक्या आवाजात म्हणतो, "तुमच्या लोकांच्या पणज्या कोण, लग्नं कशी लागली, ते बघायचंय. चौकशी चालू आहे. तोवर हात लावू नका."

आता काय म्हणायचं? कोकणात आमचे बापजादे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे, म्हणून अख्खा गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचा. तिथं चौकशी नाही लागली… इथं आपल्या देशात आलो आणि लागली! अबाजीच्या हातातली नळी गेली, झाडू आला. आणि टाकीजवळनं जाताना गडी हात पाठीमागे बांधून चालायला लागला, कुणी न सांगता. ते बघून मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

पण खरा घोर घरी. लेक येमिमा, तिचं एफ्राइमशी ठरलेलं, शेजारचाच, इराकी यहुदी घरातला मुलगा. सुक्कोथचा सण झाला की लग्न. धर्मगुरूंच्या कचेरीत लग्न नोंदवायला गेले तर तिथंही तेच, चौकशी चालू आहे. एफ्राइमची आई रोज जिना चढून अबाजीच्या बायकोकडे यायची, 'मलका, चहा टाक' करत. ती एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही… मग जिन्यात भेटली तर म्हणते, गुडघा दुखतो. गुडघा! मलका रोज एक कप जास्तीचा चहा टाकायची, आणि ओतून द्यायची. आणि येमिमा आईबापाशी मराठीत बोलायचीच बंद झाली. काही विचारा, हिब्रूत एक शब्द, आणि दार बंद.

मी म्हटलं, अबाजी काहीतरी करून घेणार. आणि एका सकाळी कोट घालून, तांबडीची बाटली बगलेत मारून, निघाला तो थेट नोंदणीच्या कचेरीत, मी मागनं धावत! बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ही माझ्या हातची. दोन वर्षं अख्ख्या देशानं हिच्यावर प्रार्थना म्हटली. मी यहुदी नसेन तर त्या प्रार्थनांचं काय ते सांगा."

कारकुनाचा चेहरा असा उतरला… उठून आत धर्मगुरूंकडे गेला. आत चार आवाज, वादावादी. मला वाटलं, संपलं, आता कारखाना बंद, अबाजी गजाआड. बऱ्याच वेळानं बाहेर आला तो हसत. म्हणाला, वाइन शुद्ध आहे, सगळी, दोन्ही वर्षांची, तसूभर शंका नाही, तसा निर्णय झाला.

अबाजीचे डोळे भरून आले. मी म्हटलं, सुटली पोर! तोंड गोड करू म्हणून त्यानं बूच काढायला हात पुढे केला, तर कारकुनानं बाटली हळूच आपल्याकडे ओढली. "तुम्ही नको," म्हणाला, "तुमची चौकशी चालू आहे."

परत येताना बसमध्ये अबाजी एकच बोलला. म्हणाला, "वाइनचं बरं असतं रे… तिला पणजी विचारत नाहीत."